आल्ट + एफ १० दाबूनही रिकव्हरी उघडत नाही? माझा अनुभव

लॅपटॉप एसरचा, २०११ चा, विंडोज ७ होम प्रीमियम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. काम छापखान्याचं: पेजमेकर ७ (पानं मांडायचा प्रोग्रॅम), जुने मराठी फॉन्ट आणि यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या छोट्या प्लगवर चालणारं डीटीपी सॉफ्टवेअर. हे सगळं नव्या विंडोजवर नेण्यात कटकटच जास्त, म्हणून मशीन मूळ अवस्थेत हवं होतं. त्या काळी लॅपटॉपसोबत विंडोजची डीव्हीडी क्वचितच यायची. विंडोज पुन्हा टाकायचा सगळा माल डिस्कच्या एका लपवलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे भागात. सुरू करताना आल्ट धरून एफ १० दाबलं की रिकव्हरी, म्हणजे मशीन मूळ अवस्थेत नेणारा कंपनीचा प्रोग्रॅम, उघडायला हवी. ती उघडत नव्हती, थेट विंडोज सुरू व्हायचं.

ही की प्रत्येक कंपनीची वेगळी. एचपीची एफ ११, असूसची एफ ९, तोशिबाची शून्य. म्हणून आधी आपल्या मॉडेलची की नक्की करावी. दुकानात अशा वेळी लगेच ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतात. त्या फंदात मी पडत नाही. की चालत नाही याचा अर्थ आतला माल गेला असा होत नाही. बहुतेक वेळा फक्त तिथे जायची वाट मोडलेली असते.

पहिली पाहणी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम), सुरू करताना एफ २ दाबून. काही मॉडेलांत तिथे ‘डी२डी रिकव्हरी’ नावाची सेटिंग असते, ती एनेबल्ड (चालू) हवी. इथे होती. तारीख मात्र भलतीच दिसली, म्हणजे सीएमओएसचा, बायोसची तारीख आणि सेटिंग सांभाळणारा सेल संपलेला. सेल सीआर २०३२, पण लॅपटॉपमध्ये तो बहुधा वायर आणि दोन पिनांच्या कनेक्टरसह येतो. नुसता सेल आणून उपयोग होत नाही. सेल संपला की बायोस डीफॉल्टवर जातो, आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई किंवा उलट झाला तर विंडोज ०एक्स७बी ची निळी स्क्रीन देतं. सेल बदलून मोड आधी होता तोच ठेवावा. रिकव्हरीनंतर मोड बदलायला गेलात तर तीच निळी स्क्रीन पुन्हा भेटते.

मग डिस्कची तब्येत. हे सोडून पुढे जाऊ नये, कारण रिकव्हरी सगळं सी ड्राइव्ह आधी पुसते आणि मग लिहायला घेते. मरत आलेली डिस्क नेमकी तेव्हा मान टाकते. लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) ‘डिस्क्स’ प्रोग्रॅम उघडून स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींचे आकडे पाहिले. क्रमांक ५, १९७ आणि १९८ एवढेच बघितले तरी पुरतात. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). तो शून्य नसेल तर आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर. इथे शून्य होता.

त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. यूजर्स फोल्डर सगळेच घेतात. छापखान्याच्या मशीनवर सी ड्राइव्हमधलं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही घ्यावं लागतं. पीएमडी आणि पी६५ या पेजमेकरच्या फाइली शाबूत राहिल्या आणि फॉन्ट गेले, तर त्या फाइलींतला मजकूर वाचता येत नाही. डोंगलचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरची सेटअप फाइल हाताशी आहे ना, हेही याच टप्प्यावर बघायचं. शिवाय लपवलेल्या पार्टिशनची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, ‘डिस्क्स’मधल्या ‘क्रिएट पार्टिशन इमेज’ने वेगळी करून ठेवली, कारण तो माल पुन्हा मिळणार नव्हता.

त्या पार्टिशनचं चित्र असं: सुमारे १५ जीबी, प्रकार २७. उघडून पाहिलं तर बूटएमजीआर ही सुरुवात करून देणारी फाइल, बूट फोल्डर आणि विंडोजचा माल असलेल्या मोठमोठ्या विम फाइली जागेवर. म्हणजे बिघाड एमबीआरमध्ये, डिस्कच्या अगदी सुरुवातीला असलेल्या बूटच्या नोंदीत. कंपनीच्या खास एमबीआरमध्ये आल्ट आणि एफ १० वर नजर ठेवणारा कोड असतो. मध्येच कोणी लिनक्स टाकलं, किंवा बूट दुरुस्त करायला बूटरेक फिक्सएमबीआर ही कमांड चालवली, की त्या जागी साधा कोड येतो. त्याला कीबोर्डशी देणंघेणं नसतं; जे पार्टिशन ॲक्टिव्ह असेल तेच तो सुरू करतो. मग लपवलेल्यालाच ॲक्टिव्ह करायचं.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट, म्हणजे पार्टिशन हाताळायची कमांड. (इथे उच्चार देतोय, टाइप रोमनमध्येच करायचं.) लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन १, ॲक्टिव्ह, एक्झिट. क्रमांक डोळे झाकून घेऊ नका, आकारावरून ओळखा. विंडोजच सुरू होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवर शिफ्ट + एफ १० दाबून हाच प्रॉम्प्ट मिळतो. त्यात पेनड्राइव्हही डिस्क म्हणून दिसतो, तेव्हा दुप्पट सावध. ही युक्ती एमबीआर पद्धतीच्या डिस्कचीच. जीपीटी ही नवी पद्धत असेल तर डिस्कपार्ट ॲक्टिव्ह करायला नकार देतं, आणि तिथे आधी रीएजंटसी इन्फो ही कमांड चालवून रिकव्हरीची नोंद आहे का ते पाहायचं.

रीस्टार्ट केल्यावर रिकव्हरी उघडली. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ आलं असतं, तर पेनड्राइव्हवरून १०० एमबीचं सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन (एरवी विंडोज जिथून सुरू होतं ते) पुन्हा ॲक्टिव्ह करून परत येता आलं असतं.

सुरू करण्याआधी बाहेरची डिस्क, डोंगल, मेमरी कार्ड सगळं काढलं. जादा ड्राइव्ह असले की ड्राइव्हांची सी, डी ही अक्षरं सरकतात आणि कंपनीची स्क्रिप्ट अडते. चार्जर लावलेलाच. डी ड्राइव्ह राहणार की जाणार, हे ‘येस’ दाबण्याआधी स्क्रीनवर वाचावं. मधल्या रीस्टार्टनंतर ड्रायव्हर आणि कंपनीचे प्रोग्रॅम चढताना स्क्रीन बराच वेळ तशीच राहते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नये. संपल्यावर पुन्हा रिकव्हरीच उघडली, तर सिस्टम रिझर्व्हड ॲक्टिव्ह करायचं.

विंडोजचं ॲक्टिव्हेशन (परवान्याची खात्री) आपोआप झालं, इंटरनेटशिवाय. त्या पिढीच्या लॅपटॉपांत बायोसमधली स्लिक ही कंपनीच्या परवान्याची नोंद ते काम करते. तळाच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की वेगळी असते, ती इथे लागत नाही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सामान्य सपोर्ट नाही आणि क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, म्हणून हे मशीन नेटला जोडलेलं नाही. फाइली पेनड्राइव्हने येतात, त्या दुसऱ्या संगणकावर तपासून. प्रिंटरचा ड्रायव्हर, पेजमेकर आणि फॉन्ट चढल्यावर सी ड्राइव्हची एक इमेज बाहेरच्या डिस्कवर काढली, म्हणजे पुढच्या वेळी रिकव्हरी पार्टिशनकडे जायची गरज नाही.