जांभळं औषध आणि एक मिलिमीटर

मी टोकियोत, निशिकासाईला राहतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत दोन दिवसांचे शौचाचे नमुने द्यावे लागतात. त्यात रक्ताचा अंश निघाला. मूळव्याध असेल म्हणून दोन महिने ढकलले, तो माझा गाढवपणा.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून बघायच्या तपासणीच्या सकाळी दोन लिटर जुलाबाचं औषध प्यायलो. त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

गुंगी हलकी होती, पडदा समोरच. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, अडीच सेंटिमीटरची पसरट, लालसर चकती दिसली. डॉक्टरांनी प्रकाश बदलला, भिंग वाढवलं आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उमटलं. मध्यभागी ते विस्कटलेलं. 'टू-बी,' ते नर्सला म्हणाले. या जाळ्यावरून ठरवलेला, वरवरच्या कर्करोगाची शंका असलेला प्रकार. मग नळीतून जांभळा रंग सोडला, क्रिस्टल व्हायोलेट. लहानपणी तोंड आलं की आई कापसाने लावायची, तेच की हे! रंग मुरेपर्यंत आम्ही सगळे गप्प.

पुन्हा भिंग. आता आतड्याच्या अस्तराची छिद्रं दिसू लागली. निरोगी अस्तरात ती गोल ठिपक्यांसारखी असतात. माझ्या चकतीवर नळ्या, फांद्या आणि मध्ये थोडी वेडीवाकडी. ही वर्गवारी जपानच्याच डॉ. कुडो यांची. छिद्रं पार पुसली गेली असतील तर कर्करोग खोल उतरला असं धरतात आणि आतड्याचा भाग कापावा लागतो. नुसती वाकडी असतील तर बहुधा वरवरच. अस्तराखालच्या थरात एक मिलिमीटर, ही सीमारेषा. त्यापलीकडे कर्करोग लसिकाग्रंथींत पसरण्याचा धोका वाढतो.

तपासणीसाठी तुकडा घेतलाच नाही, हे ऐकून कोल्हापूरचा माझा सर्जन चुलतभाऊ फोनवर भडकला. "तुकडा न घेता कसलं निदान रे?" मलाही तेच खटकत होतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: चिमटा घेतला की तिथे व्रण धरतो, थर खालच्याला चिकटतो आणि पुढे द्रव टोचून गाठ उचलता येत नाही. शिवाय कोपऱ्यातला तुकडा खोली सांगत नाही. "पण माझा अंदाज चुकूही शकतो," हेही ते म्हणाले. त्या वाक्याने मला जास्त धीर आला.

तीन आठवड्यांनी दुर्बिणीतूनच, ईएसडी करून, म्हणजे खाली द्रव टोचून अस्तराचा थर कापत, गाठ अखंड सोलून काढली. पाच दिवस दवाखान्यात होतो. अहवालात कर्करोगच निघाला, खोली ४०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.४ मिलिमीटर, कडा स्वच्छ, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही.

दादाला आकडा कळवला. थोडा वेळ शांत. मग म्हणाला, "ते जांभळे फोटो पाठव बघू."