टूटू: जाळीचे थर

नौपाड्यातल्या आमच्या घरी भाचीचा बॅलेचा टूटू, म्हणजे जाळीच्या थरांचा नाचाचा घागरा, शिवायला घेतला, तेव्हा खालचे थर आखूड आणि वरचे लांब असल्याचे मला प्रथमच दिसले. १८३२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात नर्तिका मारी ताल्योनीने ‘ला सिल्फीद’ या बॅलेत घातलेला, पोटरीपर्यंतचा पांढरा तलम घागरा हा याचा पूर्वज, पुढे पायांचे कसब दिसावे म्हणून तो आखूड होत गेला. १८६२ मध्ये मात्र तालमीच्या वेळी एमा लिव्री या नर्तिकेचा घागरा गॅसच्या दिव्याने पेटला आणि आठ महिन्यांनी ती गेली. आग रोखणारे द्रावण लावलेले कापड तेव्हा मिळत होते, पण त्याचा तलमपणा जातो म्हणून तिने ते नाकारले होते. भाचीची नायलॉनची जाळी मी देवघरातल्या समईपासून दूर ठेवली आहे.