तुम्ही विचारलंत म्हणून : नवे हेलिकॉप्टर गिरक्या का घेते?

‘काका, हेलिकॉप्टर नवं कोरं आहे, तरी वर गेलं की गिरक्याच घेतं. दुकानदाराला परत करू का?’ हा प्रश्न आमच्या इमारतीत मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकावा लागतो, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर मुलापाठोपाठ त्याचे वडीलही रिमोट घेऊन दारात उभे असतात. बहुतेक वेळा उत्तर असे असते, की परत करू नका, ट्रिम करा, म्हणजे रिमोटवरच्या छोट्या बटणाने ती गिरकी सावरून घ्या. मात्र ट्रिमचे बटण फिरवूनही भागत नाही असे दिसले, की त्या बटणाच्या मागे लागणे सोडून द्यावे, हे उत्तराचा दुसरा भाग म्हणून मला सांगावे लागते, आणि तो सहसा कोणी ऐकून घेत नाही.

मी बोलतो आहे ते तीन चॅनेलच्या (वर-खाली, पुढे-मागे आणि वळणे अशा तीन हालचाली रिमोटने करता येणाऱ्या), घरात उडवायच्या, ३५-४० ग्रॅम वजनाच्या खेळण्याविषयी. त्याच्या डोक्यावर पात्यांच्या दोन जोड्या एकाच आसावर एकीखाली एक बसवलेल्या असतात आणि त्या परस्परांच्या उलट दिशेने फिरतात. पाती हवा कापत एका दिशेला फिरू लागली की खालचे धड उलट दिशेला फिरू पाहते. दोन जोड्या उलट फिरल्या की हे दोन्ही झटके एकमेकांना खोडून काढतात आणि धड स्थिर राहते. भारतीय नौदलाची कामोव्ह-२८ आणि कामोव्ह-३१ ही हेलिकॉप्टरे याच तत्त्वावर उडतात, आणि म्हणूनच त्यांच्या शेपटीला आडवा झटका देणारा पंखा नसतो. खेळण्याच्या शेपटीवर एक चिमुकला पंखा दिसतो खरा, पण तो वळण्यासाठी नसतो. तो शेपटी वर उचलतो किंवा खाली दाबतो, आणि त्यामुळे हेलिकॉप्टर पुढे-मागे जाते. वळणे होते ते वरच्या आणि खालच्या पात्यांच्या वेगात फरक करून. आता या दोन जोड्या फिरवणाऱ्या दोन मोटरी कितीही सारख्या बनवल्या तरी तंतोतंत सारख्या निघत नाहीत. त्यांच्यातला हा जन्मजात उणे-अधिक भरून काढणे, एवढेच ट्रिमचे काम आहे.

ते काम करण्याची रीत सोपी आहे, पण सुरुवात चुकली की पुढचे सगळे चुकते. हेलिकॉप्टरच्या पोटात जायरो, म्हणजे धड वळते आहे का हे ओळखणारा छोटा सेन्सर, असतो. बटण चालू केल्यानंतरच्या काही क्षणांत तो स्वतःची ‘स्थिर’ अवस्था ठरवतो, आणि त्याच वेळी हेलिकॉप्टर मुलाच्या हातात हलत असेल तर हलणे हेच त्याला स्थिर वाटू लागते. माझ्याकडे आलेल्या ‘बिघडलेल्या’ हेलिकॉप्टरांपैकी कितीतरी केवळ सपाट फरशीवर ठेवून, हात न लावता पुन्हा चालू केल्यावर सुधारली आहेत. त्यानंतर छताचा पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी, आणि हेलिकॉप्टर सरळ कमरेएवढ्या उंचीवर न्यावे. घाबरणारा माणूस ते फरशीपासून वीतभर उंचीवरच ठेवतो, आणि नेमके तिथेच ते सर्वांत जास्त डगमगते, कारण पात्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून परत त्याच्याच अंगावर येते. पात्यांचा फेर १८-२० सेंटिमीटरचा असेल, तर निदान तेवढ्या उंचीपर्यंत त्याच्या वागण्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. कमरेएवढ्या उंचीवर वळणाची स्टिक सोडून द्यावी आणि नाक कोणत्या बाजूला वळते ते पाहावे. डावीकडे वळत असेल तर ट्रिम एक रेघ उजवीकडे न्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि पुन्हा पाहावे. इथे धीर सुटतो आणि लोक बटण गरागरा फिरवतात, मग हेलिकॉप्टर उलट गिरक्या घेऊ लागते.

हे सर्व करूनही गिरकी थांबली नाही, किंवा ट्रिम टोकाला नेल्यावरच थांबली, तर मात्र तो दोष ट्रिमने झाकू नये. ट्रिम उपयोगी पडतो तो कायम एकाच दिशेच्या, एकसारख्या ओढीवर. जी ओढ काल नव्हती आणि आज आहे, किंवा उडता उडता वाढत जाते, तिचे मूळ बहुधा रिमोटमध्ये नसून यंत्रात असते. माझ्या पुतण्याच्या हेलिकॉप्टरने मला हे शिकवले. ते रोज थोडे अधिक डावीकडे वळू लागले आणि मी रोज ट्रिम थोडा अधिक उजवीकडे नेत गेलो. चौथ्या दिवशी ट्रिम संपला. भिंग घेऊन पाहिले तेव्हा खालच्या गिअरच्या चाकाखाली, शाफ्टभोवती एक लांब केस गुंडाळलेला सापडला, इतका घट्ट की सुईने उचलून, चिमट्याने ओढून, तीन तुकड्यांत तो काढावा लागला. फरशीवर उतरणारे हेलिकॉप्टर झाडूसारखे काम करते, हे ज्या घरात लांब केसांच्या दोन मुली आहेत तिथे आधीच लक्षात यायला हवे होते. केस निघाल्यावर ट्रिम जवळजवळ मध्यावर परत आला.

दोनांपैकी कोणती जोडी मंदावली आहे हे उघडण्यापूर्वीच ओळखता येते. धड ज्या दिशेला गिरकी घेते, त्याच दिशेला फिरणारी पाती ही दुबळी जोडी असते, कारण जोरकस जोडी धडाला स्वतःच्या उलट ढकलत असते आणि तिला अडवणारे कोणी उरलेले नसते. कागदावर दोन बाण काढले की हे पटते. त्या जोडीचा गिअर बोटाने हळू फिरवून पाहावा. कुठे अडतो, कुठे दात गेला आहे, हे बोटाला कळते.

पात्यांच्या बाबतीत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, पडझडीनंतर नवी पाती बसवताना वरची खाली आणि खालची वर लावली जातात. पात्यांवर बारीक अक्षरात ए आणि बी असे छापलेले असते ते याचसाठी, आणि ती उलटसुलट लागली तर मोटर पूर्ण वेगाने फिरूनही हेलिकॉप्टर जमीन सोडत नाही. दुसरी चूक अशी, की पात्यांचे स्क्रू आपण भिंतीत खिळा ठोकल्यासारखे पक्के आवळतो. ते किंचित सैल हवेत, इतके की हेलिकॉप्टर आडवे धरले तर पाते स्वतःच्या वजनाने थोडे झुकावे. फिरताना पाती आपली जागा आपणच घेतात. तशी मोकळीक नसेल तर सगळे हेलिकॉप्टर थरथरते, आणि ती थरथर ट्रिमने जात नाही. डोक्यावरची आडवी, टोकांना वजने असलेली फ्लायबारची दांडी वाकली असेल किंवा तिचा छोटा दुवा निखळला असेल, तर हेलिकॉप्टर एका जागी थांबण्याऐवजी मोठमोठी वर्तुळे काढत फिरते.

हात सोडला तरी पुढे सरकत जाणे हा वेगळा प्रकार आहे. तीन चॅनेलच्या बहुतेक रिमोटवर त्यासाठी ट्रिम नसतोच. नाक किंचित जड असते, इतकेच. शेपटीच्या दांडीला सेलोटेपचे दोन वेढे दिले की फरक दिसतो. मागे सरकत असेल तर तेच नाकाला.

मध्येच ताबा सुटतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, की उडवले कुठे? असली स्वस्त खेळणी पुष्कळदा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतात, आणि भर उन्हात तो संकेत सूर्यप्रकाशात बुडून जातो. मी स्वतः एकदा हौसेने दुपारी गच्चीवर उडवले होते. ते शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर कोसळले, आणि त्यानंतर काही दिवस मी जिन्यात मान खाली घालून चालत असे. रिमोट संकेत पाठवतो की नाही हे पाहायचे असेल, तर त्याचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून स्टिक हलवावी. डोळ्यांना न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकताना दिसतो. हे अनेक मोबाइलवर जमते. नाही दिसला तर आधी रिमोटचे सेल बदलावेत.

डोक्यावर पात्यांचा एकच मोठा संच (रोटर) आणि शेपटीला उभा पंखा असलेल्या चार चॅनेलच्या हेलिकॉप्टरला ट्रिमची तीन बटणे असतात आणि ते तरंगतानाही एका अंगाला जरा कललेले दिसते. शेपटीच्या पंख्याचा आडवा धक्का सावरण्यासाठी ते कलणे आवश्यकच असते, तेव्हा ते सरळ करण्याच्या खटपटीत पडू नये. नवशिक्याने त्याकडे नंतर वळावे, असे माझे मत आहे.

राहता राहिली बॅटरी. ३.७ व्होल्टची ही लिथियम-पॉलिमर बॅटरी सहा-आठ मिनिटांत उतरते, आणि उतरताना दोन्ही मोटरी सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीवर बसवलेला ट्रिम शेवटच्या मिनिटाला चुकीचा वाटतो. ताकद कमी झाल्याचे जाणवताच उतरवावे, बॅटरी दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावी, मग चार्जिंगला लावावी, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. पुतण्याच्या रिमोटवर आता ट्रिमची खूण मध्यापासून दोन रेघा उजवीकडे असते. शेवटच्या मिनिटाला ती तीन रेघांवर न्यावी लागली, की तो स्वतःच हेलिकॉप्टर खाली उतरवतो.