केळीचा खांब, कागद आणि पोटॅश

मागच्या आठवड्यात आमचा केळीचा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) कापून झाला, घड ट्रकात गेले आणि वावरात उरले नुसते खांब. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे ज्यांचं वावर आहे त्यांना हे माहीतच आहे, एका खांबाला एकच घड, घड गेला की मजूर लावून खांब बांधावर ओढायचा नाहीतर रोटाव्हेटर फिरवायचा. मी लहानपणापासून हेच बघतोय, पण एम.एस्सी.ला सेल्युलोज शिकलो तेव्हापासून बांधावरचा तो ढीग बघवत नाही, खरंच सांगतो.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि त्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन काढणं हे पल्पवाल्यांचं, म्हणजे कागदाचा लगदा करणाऱ्यांचं, सगळ्यात मोठं काम. लाकडात लिग्निन २० ते ३० टक्के, म्हणून कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड घालून १६०-१७० डिग्रीला प्रेशरमध्ये शिजवतात, १८७९ सालापासूनची क्राफ्ट प्रोसेस ती. केळीच्या धाग्यात लिग्निन लाकडापेक्षा बरंच कमी, म्हणजे शिजायला सोपा.

हे मी घरी करून बघितलं. माय आधीच म्हणे, "केयीचा चीक निघत नाही रे भाऊ, जुनं शर्ट घाल." खांबाच्या पट्ट्या सोलल्या, तुकडे केले आणि कॉस्टिकच्या पाण्यात चुलीवर अडीच तास शिजवले. कोणी करणार असेल तर स्टीलचंच पातेलं घ्या, जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्याला कॉस्टिक खातं, आणि हातात ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा पाहिजेच. मग चार-पाच पाणी धुतलं, मिक्सरला फिरवलं आणि मच्छरजाळी ठोकलेल्या चौकटीवर पसरलं. इथे एक गोष्ट लक्षात आली, पाणी निथळतच नाही, जाळीवर लापशी बसून राहिल्यासारखं वाटतं. खांबात नुसता धागा नसतो ना, मऊ गराच्या बारीक पेशी पण असतात, त्या जाळीची भोकं बुजवतात, कागदाच्या मशीनवर पण हाच त्रास की पाणी सुटत नाही आणि मशीन हळू चालवावं लागतं. शेवटी काचेवर वाळत घातला, आणि दुसऱ्या दिवशी काचेवरून सोडवलेला कागद मात्र भारी निघाला, पिवळसर, थोडा आरपार दिसणारा, हातात घेतला की बटर पेपरसारखा कडकड वाजतो, आणि फाडायला जा, बोटं दुखतात!

मग मिल का लागत नाही आपल्याकडे? कागदाची मिल आपल्याला काही नवी नाही, भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलं की बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं, देशातली पहिली न्यूजप्रिंट मिल, १९५६ ला नेहरूंनी उद्घाटन केलेली, ती तेव्हा सलई आणि बांबूवर चालायची. केळीची खरी अडचण पाण्याची आहे. खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणी, शंभर किलो खांबातून धागा काढायच्या मशीनवर जेमतेम एखाद किलो सुका धागा पडतो, म्हणजे ट्रकभर खांब मिलला नेणं म्हणजे टँकरने पाणी नेण्यासारखंच.

आणि दुसरी अडचण तर आपणच घातलेली, पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत! केळी पोटॅश किती खाते ते आपल्याला सांगायला नको. पल्प शिजवून उरतं त्या काळ्या पाण्याला ब्लॅक लिकर म्हणतात, ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून केमिकल परत मिळतं आणि वाफही, मिलचं सगळं अर्थकारण त्या बॉयलरवर. पण पोटॅशियम असलं की राख कमी तापमानाला वितळते, चिकट होते आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर बसून वाट बंद होते.

म्हणून मला नवसारी कृषी विद्यापीठाचं काम फार मोलाचं वाटतं. त्यांनी खांबाचा धागा, कागद तर केलाच पण पिळून निघणाऱ्या रसाचं द्रवखत पण बनवलं. म्हणजे रस बांधावरच काढला तर वजन उतरतं, पाण्यात विरघळणारा पोटॅश रसाबरोबर वावरातच राहतो आणि बॉयलरकडे कमी जातो. नॅनोसेल्युलोजचं, म्हणजे सेल्युलोजच्या अतिबारीक तंतूंचं, कौतुक सगळे करतात, मला पण ते आवडतं, आणि फिनलंडमध्ये १९८६ च्या सुमारास दाखवलेलं झायलनेज एन्झाइमचं काम, ज्याने ब्लीचिंगला, म्हणजे लगदा पांढरा करायला, क्लोरीन कमी लागतं, ते तर खूपच कामाचं. पण आपल्यासाठी संशोधन आधी बांधावर व्हायला पाहिजे, ट्रॅक्टरला जोडून खांब पिळणारं, दोन माणसांत चालणारं स्वस्त मशीन कोणी नीट बसवून दिलं तर पुढचं सगळं जमेल असं मला मनापासून वाटतं.

परवा शेजारच्या काकांचा रसवंतीचा जुना चरखा मागून आणला आणि दहा किलो पट्ट्या त्यात घातल्या, पाच लिटरच्या वर रस निघाला, आधी पाण्यासारखा आणि बघता बघता तपकिरी झाला. तो ठेवला तर आंबतो म्हणून त्याच संध्याकाळी पातळ करून पिलबागेच्या (जुन्या केळीच्या पिलांवर घेतलेल्या बागेच्या) चार ओळींना दिला. चोथा पत्र्यावर वाळत घातलाय. वाळला की पिळलेल्या आणि न पिळलेल्या पट्ट्या सारख्या वजनाच्या घेऊन वेगवेगळ्या जाळतो आणि दोघांच्या राखेचं वजन इथेच टाकतो.