आत्याचे नखरे आणि 50 चा पट्टा

अमळनेरच्या घरी आत्या ताटावर बसली की आजी हमखास म्हणायची, “तिना नखरा शेतस.” आत्या शेवभाजीतली शेव बाजूला काढायची, पाटोडीला हात लावायची नाही आणि डुबुकवड्यांच्या दिवशी नुसता ताकभात खायची. खान्देशात राहून बेसन टाळायचं म्हणजे तापी न ओलांडता अमळनेरहून चोपड्याला जायचं! एका लग्नात आग्रहाखातर तिने दोन घास खाल्ले. ओठ सुजले, घसा खवखवला, अंगभर पित्त उठलं. कुणीतरी आमसुलाचं पाणी लावलं. दुसऱ्या दिवशी सगळे विसरले, मीसुद्धा.

आता इथे जर्मनीत माझं कामच ते आहे: डाळीतलं नेमकं कोणतं प्रोटीन माणसाला बाधतं, ते हुडकायचं. (घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “डाळ खायला एवढ्या लांब गेलीस?”) डाळ दळायची, पिठातलं तेल काढून टाकायचं, मिठाच्या द्रावणात भिजवून प्रथिनं उतरवून घ्यायची. मग जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या मऊ थरात, ती भरून वीज सोडली की हलकी प्रथिनं पुढे पळतात, जड मागे रेंगाळतात. मग ती एका पातळ पडद्यावर घ्यायची आणि त्यावर अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातला सीरम सोडायचा. त्यातली आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीला कारण ठरणारी, प्रतिपिंडं ओळखीच्या प्रथिनालाच धरून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. शेवटी तिथे काळा पट्टा उमटतो. जोडीच्या जेलमधला तेवढाच तुकडा कापून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचे तुकडे तोलून ओळख पटवणाऱ्या यंत्राला, दिला की गुन्हेगाराचं नाव कळतं.

नावंही मजेशीर. शेंगदाणा म्हणजे अ‍ॅराकिस हायपोजिया, म्हणून त्यातली प्रथिनं ‘अ‍ॅरा एच 1’, ‘अ‍ॅरा एच 2’ अशी. यातलं दुसरं जेमतेम 17 किलोडाल्टनचं (प्रथिनाचं वजन या मापात सांगतात), पण भलतं चिवट. आत गंधकाच्या गाठी असल्याने ते उकळून सहज मोडत नाही आणि पोटातही लवकर पचत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आईने पाठवलेली दाण्याची चटणी मी तो घरी गेल्याशिवाय उघडत नाही. आपल्याकडे भरतापासून ठेच्यापर्यंत सगळीकडे दाणे, त्यामुळे सुरुवातीला हे फार जड गेलं.

गेल्या आठवड्यात हरभरा आणि मसूर एकाच जेलवर शेजारी शेजारी लावले. दोन्हींत 50 किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टा उमटला. हे व्हिसिलिन, बियांनी अंकुरासाठी साठवून ठेवलेली शिदोरी. वाटाण्यातही याचाच भाऊबंद असतो, म्हणून एक डाळ बाधणाऱ्याला कधी कधी दुसरीही बाधते. आमच्या बाई मात्र लगेच बजावतात की पट्टा दिसला म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली असं नाही. पट्टा असूनही मजेत डाळ खाणारी माणसं असतात.

इथल्या पाकिटांवर 14 अ‍ॅलर्जनांची नावं ठळक छापावी लागतात. त्यांत शेंगदाणा, सोया आणि इथे पिठात मिसळतात ती ल्युपिनची बी आहे; हरभरा आणि मसूर नाहीत. म्हणजे आत्या इथे आली असती तरी पाकिटावरच्या बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचत बसली असती.

त्या रात्री तिला फोन केला. विचारलं, “आत्या, मसूर खातेस का गं?”

“नाही गं माय. तोंडात खाज सुटते. पण सांगणार कोणाला?”

मग मी पडदा, सीरम, पट्टा, सगळं सांगत सुटले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या कागदवर मनं नाव शे का?”

म्हटलं, नाही, तिथे पेशंटचे फक्त नंबर असतात, आणि ते इथलेच लोक. तू जळगावला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरला दाखव, रक्त तपासून घे, आणि तोवर उगाच कुणाच्या आग्रहाने घास घेऊ नकोस.

“जाईन,” ती म्हणाली. “लग्नसराई आटोपू दे. पण तुझ्या बापाला हे तू सांग. मी सांगितलं तर पुन्हा नखराच होईल.”

बाबांना मी रविवारी फोन करणार आहे.