तीन दिवसांचा चिखल आणि स्विंगआर्मवरचे काळे ओघळ

पहिल्या दिवशी निघाल्यापासून जो पाऊस लागला, तो मुक्कामाला पोचेपर्यंत थांबला नाही. नदीकाठची चाकोरी, मग सुट्या दगडांचा चढ, पुन्हा चिखल. संध्याकाळी डर्ट बाईकचा मूळ रंग कुठला ते ओळखू येत नव्हतं. चिखल वाळला की दगड होतो, म्हणून इंजिन गरम असतानाच धुवायला घेतलं. सोबत्याकडे ओव्हन साफ करायचा स्प्रे होता. चेनजवळचा तेलकट थर झटक्यात सुटला, तेव्हा तोच स्प्रे स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर, आणि मागच्या निळ्या रिमवर मारला आणि चेन घासायला बसलो.

मान वर केली तर स्विंगआर्मवर बारीक बुडबुडे उठत होते. लगेच पाणी मारलं. खाली काळपट राखाडी ओघळ उमटले होते आणि बोट फिरवलं तर धातू खरखरीत लागत होता. रिमवर जिथे थेंब ओघळले, तिथला निळा रंग फिका पडला होता.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूला सांभाळतो. साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये हा थर टिकतो (पीएच म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल). ओव्हनच्या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा, म्हणजे कडक अल्कली, असतो. तो आधी हा थर विरघळवतो, मग खालचा धातू खातो. बुडबुडे होते ते हायड्रोजनचे. धातू गरम असला की हे सगळं भराभर होतं. रिमचा निळा रंग ॲनोडायझिंगचा होता. ॲनोडायझिंग म्हणजे मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडच, त्यामुळे तेही यातून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी चिखल तितकाच होता, पण बाईक हात लावण्याइतकी थंड होऊ दिली. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवून सोडवला, मग न्यूट्रल पीएचचा बाईक शाम्पू आणि मऊ ब्रश. वेळ जास्त लागला, डाग एकही पडला नाही. चेनचं वंगण रॉकेलच्या फडक्याने निघालं. फक्त रॉकेल ब्रेक डिस्कला लागू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी वाटेत समुद्रकिनारा होता. खाऱ्या पाण्यात स्टीलचे बोल्ट जिथे ॲल्युमिनियममध्ये बसतात, तिथे पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतात. त्या दिवशी उशीर झाला तरी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय झोपू नका.

क्लीनर घेताना बाटलीवरच्या ‘बायोडिग्रेडेबल’ शब्दावर विसंबू नका, तसे क्लीनरही कडक अल्कलाइन असू शकतात. उत्पादनाच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रकात) नवव्या भागात पीएच दिलेला असतो, तो बघा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेला व्हील ब्राइटनर (चाकं चकाकवायचा क्लीनर) तर घरातही आणू नका. धातूचं सोडा, ते आम्ल कातडीतून खोल जातं आणि सौम्य असलं तर जळजळ उशिरा कळते. तारेची घासणीही नको. तिचे लोखंडी कण रुततात आणि गंजतात. नवा क्लीनर आधी स्विंगआर्मच्या खालच्या अंगाला लावून बघा आणि कुठलाही क्लीनर बाईकवर वाळू देऊ नका.

स्विंगआर्म उघड्या ॲल्युमिनियमचा होता, म्हणून घरी आल्यावर मेटल पॉलिशने दोन संध्याकाळी घासून डाग बराचसा गेला. रिमला पॉलिशचा उपयोग नाही, उरलेला रंगही निघून जाईल. ती पुन्हा ॲनोडाइझ करायची, नाहीतर आहे तशीच वापरायची.