थर्ड पार्टी आणि पुराचं पाणी

आज गाडीचा विमा रिन्यू करायला गेलो होतो. शेजारी एक कॉलेजचा पोरगा बसलेला. "फक्त थर्ड पार्टी द्या, पोलिसांनी अडवल्यावर दाखवायला झालं म्हणजे बास." मला राहवलं नाही, बोललोच.

थर्ड पार्टी समोरच्यासाठी असते रं बाबा. तुझ्या गाडीला त्यातनं रुपया मिळत नाही. २०१९ ला कोल्हापुरात शाहूपुरीत, दुधाळीत पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. २०२१ ला परत तेच. पुराचं नुकसान 'ओन डॅमेज'मध्येच, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातच बसतं. त्यातही मेख आहे: पाण्यातली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिन गेलं, तर तो क्लेम नाकारला जाऊ शकतो. ढकलतच गॅरेजला न्यायची.

सगळ्यात जास्त घोळ नव्या गाड्यांचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची, म्हणून लोक निवांत. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचं! पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा असतात. नदीकाठच्यांनो, जूनच्या आधी ओन डॅमेजची तारीख काढून बघा. आणि मुदत संपून ९० दिवस गेले, तर साठवलेला नो क्लेम बोनसही जातो, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट; ती ५० टक्क्यांपर्यंत असते.